तळ्याची जागा

"जरा मागे घे," नोरा टाल्टी म्हणाली. "नदीच्या पलीकडे. काटेरी झाडं आहेत ना, तिथं."

परेशने माउस सरकवला. पडद्यावरचा नवा पूल बाजूला गेला, नदी खालून सरकली आणि बॅलिनारा गावामागची उतरती कुरणं समोर आली. दगडी बांध, एका गोठ्याचं लाल पत्र्याचं छप्पर आणि कोपऱ्यात हॉथॉर्नच्या काटेरी झाडांचा पुंजका. त्या पुंजक्याला खेटून एक निळं तळं दिसत होतं. ते अजून जमिनीवर नव्हतं, फक्त पडद्यावर होतं.

"अजून जवळ ने."

परेशने जवळ नेलं. मग तिने बांधाच्या बाजूने दाखवायला सांगितलं, मग वरून. हॉलमधले लोक चहाचे कप घेऊन थांबले होते. कुणी कुरकुरलं नाही, कारण ऐंशीच्या पुढची नोरा गावातल्या निम्म्या लोकांची शाळेतली बाई होती. सगळं पाहून झाल्यावर ती "ग्रँड" म्हणाली, म्हणजे इकडच्या बोलीत 'छान, ठीक आहे', आणि परेशचे आभार मानून खाली बसली.

शनिवारची दुपार होती. आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्याच्या पश्चिमेकडच्या या छोट्या गावाला वळसा घालून नवा रस्ता आणि पूल होणार होता, आणि गावकऱ्यांना तो दाखवायची ही चौथी खेप होती. आधीच्या तिन्ही वेळा भिंतीवर मोठाले कागदी आराखडे लावले होते. लोक त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभे राहायचे, मान डोलवायचे आणि शेवटी एकच विचारायचे, माझ्या दारातून काय दिसेल? या वेळी प्रकल्पाचा प्रमुख डेक्लन म्हणाला होता, परेश, तू तुझं ते जोडलेलं घेऊन ये.

'ते जोडलेलं' म्हणजेच परेशचं काम. लिमरिकच्या ऑफिसात पूल, रस्ता, गटारं आणि पाइप यांचं एक मॉडेल होतं. त्यात पुलाच्या प्रत्येक तुळईची माहिती होती, पण खाली जमीन म्हणून नुसती कोरी पाटी. दुसरीकडे नकाशे होते. जमिनीचे चढउतार, मातीची जात, पुराचं पाणी कुठवर चढतं, कुणाची हद्द कुठे संपते, हे त्यांच्यात थरावर थर साठवलेलं असे. पण नकाशांना पुलाचा पत्ता नव्हता. परेश एकाला दुसऱ्यावर नीट बसवायचा. कराडहून त्याची आई, प्रभा, फोनवर विचारायची, "तू नेमकं काय करतोस रे, बांधतोस का मोजतोस?" तो म्हणायचा, "बसवतो." त्यावर ती म्हणायची, बरं बाबा, बसव.

सिव्हिलचा डिप्लोमा करून परेशने पुण्यात परदेशी कंपन्यांचे आराखडे काढण्यात बरीच वर्षं घालवली होती. त्याच्या बायकोला, ज्ञानदाला, आयर्लंडमध्ये शॅननजवळच्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा तिच्यामागून तो क्लेअरमधल्या एनिसला आला. सुरुवातीला पेट्रोलपंपाच्या दुकानात उभा राहिला, संध्याकाळी घरी बसून नवं सॉफ्टवेअर शिकला आणि मग लिमरिकच्या या कंपनीत लागला. मराठी मंडळाच्या गणपतीत सॉफ्टवेअरवाले आपापल्या कंपन्यांच्या गोष्टी करत, तेव्हा हा मागे भांडी विसळत असे. मीटिंगमध्ये तो क्वचितच बोलायचा. विचारलं तर उत्तर द्यायचा, आणि ते बरोबर असायचं.

हॉल रिकामा झाला. परेश वायरी गुंडाळत होता. दोघं-तिघं खुर्च्या मिटून भिंतीला लावत होते. नोरा तशीच बसून होती. सगळे लांब गेल्यावर ती उठून त्याच्याजवळ आली आणि त्या तळ्याची जागा बदलता येईल का, असं तिने विचारलं.

परेशने नेहमीचं उत्तर दिलं. रस्त्यावरचं पावसाचं पाणी एकदम नदीत गेलं तर पूर वाढतो, म्हणून ते आधी तळ्यात साठवावं लागतं, आणि तळं सखल जागीच करावं लागतं. तुम्ही डेक्लनशी बोलता का, तो बाहेरच आहे, असंही तो म्हणाला.

"डेक्लन चांगला माणूस आहे," नोरा म्हणाली, "पण तो मला समजावून सांगेल. मला समजावून नकोय. मी सांगितलं तसं तू चित्र फिरवत राहिलास, म्हणून तुला सांगते. तिथं मुलं आहेत."

परेशला वाटलं, गावातली मुलं तिथे खेळत असतील. त्याने तसं विचारलं.

"खेळत नाहीत," ती म्हणाली. "पुरलेली आहेत."

मग तिने सांगितलं ते परेशने उभ्यानेच ऐकलं. पूर्वी बाप्तिस्म्याआधीच, म्हणजे ख्रिस्ती धर्मात घेण्याचा विधी होण्याआधीच, गेलेल्या बाळाला चर्चच्या दफनभूमीत जागा मिळत नसे. जन्मतःच मेलेलं मूल असो की दोन तास जगलेलं, त्याला बाहेर ठेवायचं. मग बाप ते खोकं कोटाखाली धरून दिवस मावळताना शेतांमधून निघायचा आणि अशा एखाद्या कोपऱ्यात, जिथे कुणी नांगर घालत नाही, तिथे पुरून यायचा. वर ओळखीला एखादा साधा दगड. आयर्लंडभर अशा जागा आहेत. काही जुन्या नकाशांवर आहेत, बऱ्याच नाहीत. ही नव्हती. नोरा पाच वर्षांची असताना तिच्या आईला एक मुलगा झाला आणि तसाच गेला. वडील खोकं घेऊन गेले ते तिने खिडकीतून पाहिलं होतं. घरात त्याबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही. फक्त आई त्या बाजूला गाई सोडू देत नसे.

"गावात आणखी कुणाला ठाऊक आहे?" परेशने विचारलं.

"असेल," नोरा म्हणाली. "आम्ही एकमेकांना विचारत नाही."

---

परेश एनिसला पोचला तेव्हा ज्ञानदा मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसली होती. त्यांचा सात वर्षांचा ध्रुव हर्ली, म्हणजे हर्लिंग या आयरिश खेळाची लाकडी काठी, हातात घेऊन हेल्मेट घातलेल्या पोरांच्या घोळक्यात चेंडूमागे धावत होता. परेश तिच्या शेजारी गवतावरच बसला. कसं झालं, असं तिने विचारलं, तेव्हा आधी तो बरं झालं म्हणाला आणि मग थोड्या वेळाने त्याने सगळं सांगितलं.

ज्ञानदा मैदानाकडेच बघत होती.

"त्या बाईच्या आईला कुणीच जागा दिली नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"आपल्याला दिली," ती म्हणाली.

ध्रुवच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. दिवस पूर्ण भरले होते. पाळणा आणून जोडून ठेवला होता. एका सकाळी ज्ञानदाला बाळाची हालचाल जाणवेना, आणि संध्याकाळी ते जन्माला आलं ते निजल्यासारखंच. हॉस्पिटलातल्या नर्सनी त्यांना बाळाजवळ हवा तेवढा वेळ बसू दिलं, तिच्या पावलांचे ठसे काढून दिले. बाळांसाठी आमची वेगळी जागा आहे, तिथे ठेवू शकता, असंही मायेने सांगितलं. परेशने कराडला फोन केला. प्रभा रडली, आणि मग सावरून म्हणाली, "आपल्यात दात यायच्या आधीच्या बाळाला अग्नी देत न्हाईत. मातीत ठेवत्यात. चांगली जागा बघ, बाळा." ज्ञानदा मात्र भिंतीकडे तोंड करून एकच म्हणत होती, तिला एकटीला ठेवायचं नाही.

या देशात येऊन त्यांना दोन वर्षंही झाली नव्हती. नातेवाईक नव्हते, गाडी नव्हती. शेजारच्या घरात पॅट हेहिर नावाचा, बस चालवून निवृत्त झालेला म्हातारा एकटा राहत असे. त्याच्याशी हवापाण्यापलीकडे कधी बोलणं झालं नव्हतं. त्याला कुणाकडून कळलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी तो कागदात गुंडाळलेली सँडविचं घेऊन हॉस्पिटलात आला. टोपी हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. परेशने त्याला त्यांची अडचण सांगितली, ती त्याच्याकडून काही हवं म्हणून नव्हे, तर समोर दुसरं कुणीच नव्हतं म्हणून.

"दफनभूमीत आमच्या घरच्यांची एक जागा आहे," पॅट म्हणाला होता. "माझे आईवडील आहेत तिथे, आणि माझी ब्रिजेट. आम्हाला मूल झालं नाही. तुमची हरकत नसेल तर तिला त्यांच्याजवळ ठेवू. ब्रिजेटला बरं वाटेल."

हेहिरांच्या कबरीत, ब्रिजेटच्या बाजूला, परेशने स्वतःच्या हाताने मुलीला ठेवलं. पॅट शेजारी उभा होता. पुढच्या वर्षी प्रभा आयर्लंडला आली. इंग्रजीचा एक शब्द येत नसताना ती शेजारच्या दारात जाऊन हात जोडून उभी राहिली. पॅटनेही तसेच हात जोडले. दोघं कितीतरी वेळ तशीच उभी होती. आता पॅटही त्याच मातीत होता. ज्ञानदा दर वर्षी तिथे शेवंतीची कुंडी नेऊन ठेवायची, आणि परेश दगडावरचं शेवाळ घासून काढायचा.

ध्रुव धावत येऊन पाण्याची बाटली घेऊन गेला.

"सोमवारी बोल त्यांच्याशी," ज्ञानदा म्हणाली. "मेल नको लिहूस. बोल."

---

डेक्लनने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नोराबाई खोटं सांगणार नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं. पण त्याची अडचण खरी होती. रस्त्याच्या परवानगीचा अर्ज नियोजन मंडळाकडे जायला थोडेच आठवडे राहिले होते. तळं हललं की त्याच्याकडे येणारे पाइप हलणार, पाइप हलले की रस्त्याची उंची बदलणार, आणि वर जमिनीची बोलणी पुन्हा करावी लागणार. तो म्हणाला, पुरातत्त्ववाल्यांना कळवणं तर आलंच, ते मी आजच करतो. पण नोंद नसलेली जागा असली की साधारणपणे काम सुरू करण्याआधी चर खणून बघतात, आणि काही सापडलं तर ते नीट, सन्मानाने काढून दुसरीकडे ठेवतात. कायद्यात तशी सोय आहे.

"तिला ते काढायला नकोय," परेश म्हणाला. "ती मुलं एकदा बाहेर ठेवली गेली. आता तिथूनही उचलायची?"

टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो मीटिंगमध्ये आपणहून बोलला, हे बहुतेक पहिल्यांदाच घडत होतं. तो पुढे म्हणाला की मला थोडा वेळ द्या, दुसरी जागा निघते का बघतो, नाही निघाली तर तसं सांगेन. डेक्लनने पेनाचं टोपण दोनदा लावलं-काढलं आणि मग म्हणाला, बघ.

तो आठवडा परेश त्या एका तळ्याच्या मागे होता. मॉडेल आणि नकाशे वेगवेगळे असते तर एवढ्यासाठी महिने गेले असते. प्रत्येक वेळी आराखडा बदलायचा, मग तो जमिनीवर टाकून बघायचा, मग पुराच्या नकाशाशी ताडायचा. आता तळं उचलून दुसऱ्या शेतात ठेवलं की पाइप मागोमाग वाकायचे, आणि जमत नसेल तिथे लगेच लाल रेघ उमटायची. पण जमत कुठेच नव्हतं. नदीच्या वरच्या अंगाला तळं ठेवलं, तर हिवाळ्यात पुराचं पाणीच त्याच्यावरून जात होतं. खालच्या अंगाला पीटची मऊ जमीन होती, ओल्या काळ्या मातीचा इतका जाड थर की तळ्याचे काठ उभे राहिले नसते. शाळेमागे ठेवलं, तर गावाला पाणी देणारी विहीर मध्ये आली. डबा खातानाही तो पडद्याकडे बघत बसे. घरी आला की ज्ञानदा नुसती भुवई उंचवायची आणि तो मान हलवायचा.

शेवटी एक जागा निघाली. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूचं एक शेत. मधला रस्ता वीतभर उचलला की पाणी आपोआप तिकडे वाहत होतं, माती घट्ट होती आणि पूर तिथवर पोचत नव्हता. परेशने हद्दीचा थर उघडून मालकाचं नाव पाहिलं आणि मागे टेकून बसला. शेत मार्टिन कॉन्सिडाइनचं होतं. रस्त्याला पहिल्या दिवसापासून विरोध करणारा गावातला एकमेव माणूस. पहिल्या सभेत त्याने सांगून टाकलं होतं की माझ्या जमिनीचा एक चमचाही मिळणार नाही, आणि त्यानंतरच्या सभांना तो आलाच नव्हता. रस्त्याची आखणी त्याचं शेत टाळूनच केलेली होती. जबरदस्तीने जमीन घ्यायची, तर आणखी एक वर्ष गेलं असतं.

डेक्लन म्हणाला, तू प्रयत्न केलास, आता सोडून दे. परेशने नोराला फोन केला. ती म्हणाली, मी त्याला पाढे शिकवलेत, आपण दोघं जाऊ.

---

कॉन्सिडाइन साठीच्या पुढचा, रुंद हाडाचा, अविवाहित माणूस होता. नोराला पाहून त्याने दार पूर्ण उघडलं, परेशला एकदा वरखाली न्याहाळलं. स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती. त्याने चहा केला आणि कपाटातून बिस्किटांचा डबा काढून टेबलावर ठेवला. नोरा खुर्चीत बसली आणि परेशला म्हणाली, तू दाखव.

परेशने लॅपटॉप उघडला. काटेरी झाडांचा कोपरा दाखवला, तळं दाखवलं, मग ते उचलून पलीकडच्या शेतात ठेवलं. शेतातली चांगली सपाट जागा त्यात जात होती, तेही त्याने लपवलं नाही. कॉन्सिडाइन चष्मा कपाळावर चढवून बघत राहिला. त्या कोपऱ्यात काय आहे, ते त्याला सांगावं लागलं नाही. परेशने 'मुलं' हा शब्द उच्चारला, तेव्हा त्याने फक्त एकदा नोराकडे पाहिलं.

"तुझं कोण आहे तिथे?" त्याने परेशला विचारलं. आवाज रुक्ष होता. "रस्ता करणाऱ्या कंपनीचा माणूस तू. तुला काय त्याचं?"

परेशने लॅपटॉप थोडा बाजूला केला.

"तिथे कोणी नाही," तो म्हणाला. "एनिसला आहे. माझी मुलगी. जन्मतःच गेली. आमचं इथे कोणी नव्हतं, आमचा धर्मही वेगळा. शेजाऱ्याने तिला त्यांच्या घरच्या कबरीत जागा दिली. माझ्या बायकोला एवढंच हवं होतं, की मुलगी एकटी नको." तो थांबला. हे तो परक्या माणसांसमोर कधी बोलला नव्हता. "ते मी कसं फेडणार? ज्याने दिलं तो आता नाही. मला फक्त ही जागा बसवता येते. तेवढंच मला येतं."

चुलीत जळणारी पीटची वाळकी ढेकळं खाली बसली. कॉन्सिडाइनने विचारलं, कोण शेजारी.

"पॅट हेहिर."

"बस चालवायचा तो?"

"हो."

कॉन्सिडाइनने मान हलवली. लहानपणी आईबरोबर एनिसच्या बाजाराला जायचो ते त्याच्याच बसने, असं तो म्हणाला. एकदा आईकडे बसायला जागा नव्हती, तर पॅटने बस थांबवून दुसऱ्या एका माणसाला उठवलं होतं. मग त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"त्या कोपऱ्यापाशी फाटक ठेवाल का?" त्याने विचारलं. "आणि गाडी उभी करता येईल एवढी जागा. म्हाताऱ्या माणसांना लांबून चालत येणं जमत नाही."

परेश म्हणाला, ठेवू.

"मग घ्या शेत," कॉन्सिडाइन म्हणाला, आणि कप विसळायला उठला. नोराने त्याच्या पाठीकडे पाहत डोळे पुसले. तिने त्याला काही विचारलं नाही आणि त्यानेही काही सांगितलं नाही.

परतताना नोराचं घर जवळ आलं, तेव्हा तिने विचारलं की मुलीचं नाव ठेवलं होतं का.

"मुक्ता," परेश म्हणाला.

तिने ते उच्चारून पाहिलं. आधी 'मुक'पाशी अडखळली, मग नीट म्हणाली. अर्थ काय, असं विचारलं. परेशने सांगितलं, मोती, आणि दुसरा अर्थ, मोकळी झालेली.

"तुम्हाला नाव ठेवता आलं," नोरा म्हणाली. "चांगलं झालं. माझ्या भावाचं काही असेल तर ते आईच्या मनातच राहिलं."

---

पुरातत्त्ववाली मंडळी आली. न खणता जमिनीखालचं दाखवणारं यंत्र त्यांनी त्या कोपऱ्यावरून फिरवलं. गवताखाली लहान लहान दगड ओळीने लावलेले निघाले, नोराला वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त. त्यांच्या मोजणीवरून परेशने त्या जागेची हद्द नकाशात घातली, आणि मॉडेलमध्ये तिच्याभोवती एक अदृश्य कुंपण उभं केलं. उद्या कुणीही, कुठल्याही देशातल्या ऑफिसात बसून, त्या कोपऱ्यातून साधी विजेची तार जरी ओढली, तरी मॉडेल त्याला थांबवणार होतं. अर्जाला थोडा उशीर झाला. तो माझ्या सांगण्यावरून झाला, असं डेक्लनने वरच्यांना कळवलं आणि परेशचं नाव मध्ये येऊ दिलं नाही. परेशला ते नंतर दुसऱ्याच कुणाकडून समजलं. आभार मानायला तो गेला, तेव्हा डेक्लनने हवेचा विषय काढला.

सप्टेंबरात गावाने त्या जागी प्रार्थना ठेवली. नोराला वाटलं होतं, पाच-सहा जण येतील. पण सबंध बांधाच्या कडेने माणसं उभी राहिली. म्हातारे भाऊ, म्हाताऱ्या बहिणी, काठ्या टेकत, लेकासुनांचा हात धरून आलेले. आयुष्यभर शेजारी राहिलेली घरं त्या दिवशी एकमेकांकडे बघून म्हणत होती, तुमचंही होतं? कॉन्सिडाइन रविवारचा कोट घालून सगळ्यांच्या मागे उभा होता. पाद्री तरुण होता. त्याने आधी चर्चच्या वतीने या लोकांची क्षमा मागितली, आणि मगच प्रार्थना सुरू केली.

ज्ञानदा ध्रुवला घेऊन आली होती. ओल्या गवतात ती परेशच्या शेजारी उभी होती. ध्रुवने तिचा हात ओढला.

"मम, हूज इन देअर?"

"छोटी बाळं आहेत," ज्ञानदा म्हणाली.

त्याने थोडा विचार केला. "आर दे ग्रँड?"

"हो," ती म्हणाली. "आता ग्रँड आहेत."

प्रार्थना संपल्यावर नोरा ज्ञानदाजवळ आली. दोघींची ही पहिलीच भेट. नोराने तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि मुक्ताच्या आईला भेटायचं होतं, एवढंच म्हणाली. नाव तिने बरोबर उच्चारलं होतं. इतक्या वर्षांत ज्ञानदाला मुक्ताची आई असं कुणीच म्हटलं नव्हतं. त्या रात्री जेवताना तिने ध्रुवला पहिल्यांदाच सांगितलं की तुला एक ताई होती, आणि परेशने उठून पावलांचे ठसे कपाटातून बाहेर आणले.

परवानगी मिळाली, काम सुरू झालं, आणि दोन पावसाळी हिवाळे काढून रस्ता पुरा झाला. उद्घाटनाच्या दिवशी फीत कापायला मोठी माणसं आली होती. नोराला गर्दी झेपत नव्हती, म्हणून परेश तिला घेऊन जायला पुढच्या रविवारी गेला. ती आता खूप वाळली होती. गाडीत बसवताना तिला उचलूनच घ्यावं लागलं. तिने टोपी नीट केली आणि पट्टा लावून घेतला.

पूल आला. खालून नदी भरून वाहत होती. रस्ता लांबलचक आणि गुळगुळीत होता, डाव्या हाताला कॉन्सिडाइनच्या शेतातलं तळं आभाळाच्या रंगाचं दिसत होतं. पुढे वळण येत होतं. नोराने काही खूण केली नाही, फक्त त्याच्या मनगटाला हलकेच हात लावला.

परेशने पाय ब्रेकवर ठेवला. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने पुढे सरकू लागली. उजवीकडे फाटक होतं, आणि फाटकामागे पांढऱ्या फुलांनी भरलेली काटेझाडं. नोरा खिडकीची काच खाली करून पाहत होती.

आरशात परेशला मागून येणारी गावातलीच एक गाडी दिसली, तिच्यामागे गुरांचा ट्रेलर ओढणारी जीप, आणखी एक गाडी. पुढे रस्ता मोकळा होता, ओलांडून जायला भरपूर जागा होती. कुणी ओलांडलं नाही. एकामागून एक सगळ्या हळू झाल्या, आणि वळण संपेपर्यंत तशाच सावकाश त्यांच्या मागून येत राहिल्या.